सारजेचा केना

"फूल कुठाय?"

सारजा खाली बघत होती. तिच्या पुढ्यात मातीची कुंडी होती आणि कुंडीच्या काठावरून हिरवागार केना बाहेर सांडला होता.

"बाई, मी भिंतीशी बोलतोय का? फूल कुठाय म्हणून विचारलं."

"न्हाई आलं, बुवा."

"एकसुद्धा?"

"न्हाई..."

दौलूबुवांनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. कुंडीला त्यांनी अजून बोटही लावलं नव्हतं, तरी पुसले.

"मग विषय संपला," ते म्हणाले.

ओसरीवर आक्का वाकळ शिवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी चुलीपाशी होतो. मठाचा स्वयंपाक तेव्हा माझ्याकडे होता. थापता थापता माझा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली. ती मग मलाच खावी लागली.

चंदगडाकडच्या डोंगरात, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, टोकाला आमचा मठ. मठ म्हणजे काय, कौलारू ओसरी, मागं गोठा, बाबांच्या समाधीचा चौथरा आणि मोजकी माणसं. बाबांच्या मागं गादी भागीरथीआक्कांकडे आली. आक्कांचं वय झालेलं, बोलणं कमी. कुणी फार मोठा प्रश्न घेऊन आलं की त्या आधी विचारायच्या, "जेवलास का?" पुष्कळांचा प्रश्न तिथंच मिटायचा.

मठाचा एक रिवाज होता. ज्याला इथं राहून कफनी घ्यायची असेल त्याला आक्का ज्येष्ठ सरताना सड्यावरून एक कोंब आणून द्यायच्या. कशाचा कोंब ते सांगायच्या नाहीत. ज्यानं त्यानं ओळखायचं, लावायचं, वाढवायचं आणि घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी फूल दाखवायचं. फूल दाखवलं की कफनी. नाही दाखवता आलं तर डोंगर उतरायचा.

आक्का स्वतः कुंड्या बघत फिरायच्या नाहीत. "दौलू बघंल," एवढंच म्हणायच्या.

आणि दौलूबुवा बघायचे. पोलीसपाटील पंचनामा करतो तसं बघायचे.

मठातले ते सगळ्यात जुने शिष्य. झाडपाल्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. गवतात कुठं निळं काही दिसलं की ते लांबूनच सांगायचे, ही आभाळी, ही नीलवंती आणि तो केना. आम्हाला सगळं निळंच दिसायचं. पाहुणे आले की बुवांची भाषा अधिकच पुस्तकी व्हायची.

"तिन्ही एकाच कुळातली बरं का," ते सांगायचे. "खूण कुठं बघायची? पानाच्या बुडाशी. सदऱ्याच्या बाहीत हात असावा तसं कांडं त्या पानात बसलेलं असतं. आभाळीचं फूल केसाळ, लवेचं. केन्याचं तसं नाही. त्याच्या बाहीच्या तोंडाशी तांबूस लव असते आणि फूल निघतं ते हिरव्या पुडीतून. दोन पाकळ्या मोठ्या, एक बारकी. सकाळी उमलतं, दुपार झाली की मिटलं."

पाहुणे माना डोलवायचे. बुवा आणखी ताठ व्हायचे. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण सांगत होते ते सगळं खरं होतं, म्हणून जास्तच यायचा.

चिडले किंवा घाबरले की मात्र त्यांची पुस्तकी भाषा पार उडून जायची आणि ते गावाकडचं बोलायचे. तेव्हा मला ते बरे वाटायचे.

सारजा मठात आली ती एका बोचक्यानिशी. नवरा गेला, दिरानं घरातून काढलं, भावजयीनं दारात उभं केलं नाही. डोंगराखाली तिला दुसरं दार उरलं नव्हतं. बोचकं ओसरीच्या कडेला ठेवून ती आक्कांना म्हणाली, "मला काय बी येत न्हाई. भांगलण तेवढी येती."

लोकांच्या रानातलं तण उपटत जन्म गेलेली बाई. आणखी काय येणार तिला?

"जेवलीस का?" आक्का म्हणाल्या.

ज्येष्ठ सरताना आक्का सड्यावर गेल्या आणि तिच्यासाठी कोंब घेऊन आल्या. सारजेनं तो हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला.

"आक्का, ह्यो तर केना."

"आसंल."

"ह्यो म्या जल्मभर उपटून बांधावर टाकलाय."

"मग आता लाव."

एवढ्या लवकर आपलं रोप मठात आजवर कुणी ओळखलं नव्हतं. दौलूबुवा स्वतः आले तेव्हा त्यांना आभाळी मिळाली होती आणि ती ओळखायला त्यांचा अख्खा आषाढ गेला होता. ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत नसत.

कुंड्यांच्या जागाही बुवाच ठरवायचे. सारजेची कुंडी त्यांनी गोठ्यामागं ठेवायला लावली. तिथं ऊन येतं न येतं. मुद्दाम ठेवली की दुसरीकडे जागा नव्हती, ते बुवांनाच ठाऊक.

आता तण कसं वाढवायचं हे कुणी शिकवलेलं असतं का? उपटलेला केना बांधावर पडल्या पडल्या पुन्हा मुळं धरतो. त्याला आणखी काय करायचं? सारजेला रताळ्याला आणि भुईमुगाला भर द्यायची माहीत होतं. तिनं केन्याला तेच केलं. कांडं लांबलं की बोटांनी माती ओढायची आणि त्याच्यावर घालायची. पुन्हा लांबलं की पुन्हा माती. कुंडी भरली तेव्हा तिनं कुंडीच्या काठावर खापऱ्या रोवल्या आणि आणखी माती घातली.

दौलूबुवा तिथून जाता जाता थांबायचे.

"केन्याला भर? अगं, रताळं आहे का ते? माती पातळ ठेव. उन्हाकडे येऊ दे. वर आलं तर फुलेल."

"व्हय बुवा," सारजा म्हणायची. बुवांची पाठ वळली की तिची बोटं परत मातीत.

त्यात मठाची कालवड. दावं लांब पडलं की ती मान वळवून केन्याचे शेंडे खुडायची. कोवळा केना जनावराला फार आवडतो. सारजा तिला हाकलायची, पण मनापासून नाही.

"खाऊ दे," म्हणायची. "मुकं जनावर हाय. फुटंल पुन्यांदा."

फुटायचा. पुन्हा कालवड. पुन्हा माती.

भाद्रपद लागला आणि सारजेचं बोलणं बंद झालं. पहाटे उठून ती कुंडीपाशी जाऊन बसायची. पानं वर करून बघायची, एकेक करून, आणि तशीच परत यायची. माझ्यासमोर बसून भाजी निवडायची. हात चालायचे, पण डोळे भलतीकडेच. घट बसायचा दिवस जवळ येत होता. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

एकदा मी आक्कांना म्हटलं, "आक्का, सारजेचं काय हुणार?"

"भाजीत मीठ जास्त पडलंय," आक्का म्हणाल्या.

आणि आज तो दिवस उजाडला होता. समाधीपुढं कुंडी आणून ठेवली होती. त्या वर्षी नवीन माणूस ती एकटीच. सड्यावर सगळीकडे फुलं होती. ओसरीतून दिसत होती. गोठ्यामागच्या कुंडीत तेवढी नव्हती.

"आक्का," दौलूबुवा ओसरीकडे वळले, "तुम्ही ऐकलंत."

"काय?"

"फूल आलं नाही."

आक्कांच्या सुईतला दोरा निसटला होता. त्यांनी सुई उजेडाकडे धरली.

"आलं न्हाई, का तुला दिसलं न्हाई?"

"एकच झालं ते."

"बरं..."

त्या 'बरं'नं मी कान टवकारले. आक्का वाद घालायच्या तेव्हा काळजी नसायची. 'बरं' म्हणाल्या की समोरच्यानं सावध व्हावं. पण दौलूबुवांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मी पान न् पान पाहिलंय," ते म्हणाले. "शेंडे पाहिले, कांडी पाहिली. पुडीच धरली नाही तर फूल येणार कुठून?"

"कालवडीनं खाल्लं शेंडं," मी चुलीपासून म्हणालो. मला राहवलं नाही.

"तू तुझी भाकरी बघ."

दुसरी भाकरीही खरंच करपत होती. मी ती उलटली.

दौलूबुवा खाली बसले. आवाज जरा उतरवून आक्कांना म्हणाले, "मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण आज हिला सूट दिली, तर आजवर ज्यांना खाली पाठवलं त्यांना काय सांगायचं? मागच्या वर्षी भिकू गेला. रडत उतरला. तुम्ही आजारी होतात, खाली गावात होतात, तुम्ही पाहिलं नाहीत. मी पाहिलं. त्याला एक न्याय आणि हिला एक?"

हे मात्र खरं होतं. भिकू चांगला माणूस होता. जाताना तो माझ्या पाया पडला होता, का ते मला अजून कळलेलं नाही.

आक्का सुईत दोरा ओवत होत्या. दोरा जाईना.

"सारजे," त्या म्हणाल्या, "एवढा दोरा घाल गं."

सारजा ओसरीवर गेली. डोळे भरलेले, तरी तिनं एका झटक्यात दोरा घातला. मग आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. बराच वेळ.



मला वाटलं, आता तरी बोला. एक शब्द. तुमचा मठ, तुमची गादी, तुम्ही म्हणालात तर दौलूबुवा काय करणार आहेत? मी मनातल्या मनात आक्कांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

सारजेनं बोचकं उचललं. येताना आणलं होतं तेवढंच होतं.

"बुवा, एक मागू?"

"माग."

"कुंडी न्हेऊ?"

"कुंडी मठाची आहे."

"मग रोप तरी..."

"ने की. रोप तुझंच आहे."

"उपटल्यावर वाळंल वं ते."

"केना वाळतोय होय? जन्मभर उपटून बांधावर टाकलास, वाळला का कधी?"

सारजा हलली नाही. कुंडीकडे बघत नुसती उभी राहिली. तिचं ते उभं राहणं दौलूबुवांना सहन झालं नाही असं मला वाटतं. माणसाला आपण बरोबर आहोत हे माहीत असतं, तरी समोरचं माणूस रडत असलं की राग येतो. बुवांनी पुढं होऊन कुंडी उचलली.

"दौलू," आक्का म्हणाल्या. "कुंडी सरळ ठेव."

"देतो ना तिला मोकळं करून."

"सरळ ठेव म्हंते."

मला ऐकू आलं, म्हणजे त्यांनाही आलं असणार. पण तोवर त्यांची पुस्तकी भाषा गेली होती.

"घे! घे तुझा केना आन् जा!"

आणि त्यांनी कुंडी समाधीपुढच्या फरशीवर पालथी केली. बुडावर तळहातानं दोन थापा मारल्या. कुंडी वर उचलली. माती कुंडीच्या आकाराची तशीच उभी राहिली.

मग ती कलली आणि फुटली.

...

आत सगळं पांढरं होतं.

काळ्या मातीत जिकडंतिकडं वातीसारखे पांढरे धुमारे. खाली गेलेले, आडवे गेलेले, एकमेकांत गुंतलेले. आणि धुमाऱ्या-धुमाऱ्यांवर फिकट, पांढुरक्या, बारक्या गाठी. ढीगभर. सारजेनं जेवढी माती ओढली होती तेवढं ते आत पसरलं होतं.

मी चूल सोडून पुढं आलो. मला वाटलं, अळ्या.

दौलूबुवांनाही तेच वाटलं.

"हुमणी!" ते ओरडले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "बघा! बघा आक्का! मुळाला कीड लागलीय. म्हणून फूल नाही. हिनं माती घालून घालून सगळं किडवलं."

"हलतंय का?" आक्कांनी विचारलं.

"काय?"

"हुमणी आसंल तर हलंल. हलतंय का?"

दौलूबुवा वाकले. बघत राहिले.

काहीच हलत नव्हतं.

आक्का ओसरीवरून उतरल्या. सुई हातातच होती. मातीच्या ढिगाशी येऊन त्यांनी बसकण मारली, लुगड्याला चिखल लागला तरी. एका धुमाऱ्यावरची गाठ त्यांनी नखानं खुडली आणि दौलूबुवांना म्हणाल्या, "हात कर."

बुवांनी तळहात पुढं केला. आक्कांनी ती गाठ त्यावर ठेवली.

"काय हाय?"

"गाठ आहे. मुळावरची."

"डोळं उघडून बघ."

बुवांनी तळहात डोळ्यांजवळ नेला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पुडी... पुडीसारखं दिसतंय. वरची असते तसं पान दुमडलंय. पण रंग नाही."

आक्कांनी सुईच्या टोकानं ती पुडी उकलली.

"आता आत काय हाय?"

दौलूबुवांनी तळहात आणखी जवळ नेला.

"दौलू, आत काय हाय?"

लांबूनच नावं सांगणारा माणूस. तो आता तळहात उजेडाकडे फिरवत होता. मी भाकरीचा हात तसाच घेऊन त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. मिटलेलं. बिनरंगाचं. आक्कांनी सुई आणखी आत नेली तेव्हा पाकळी म्हणावी असं काही बाजूला झालं आणि मधे हिरवट बोंड दिसलं.

"फूल," दौलूबुवा म्हणाले.

गोठ्यात कालवड अर्धीच हंबरली.

"मातीत?" दौलूबुवांनी विचारलं. "मातीत फूल?"

"व्हय."

"वर येत न्हाई?"

"न्हाई."

"मग उमलतं कवा?"

"उमलत न्हाई," आक्का म्हणाल्या. "कवाच उमलत न्हाई. मिटल्या मिटल्या बी धरतंय."

बुवांनी दुसरी गाठ खुडली. नखानं फोडली. तिसरी फोडली. प्रत्येकीत तेच. ते मातीत हात घालून धुमारे उचलत होते, परत ठेवत होते, पुन्हा उचलत होते. सगळीकडे फुलं. त्या कुंडीत जितकी फुलं होती तितकी एका केन्याला वर आलेली मी कधी पाहिली नाहीत.

मला धक्का बसला तो वेगळाच. केन्याची भाजी मी इतकी वर्षं करत आलोय. शेंडे खुडून घ्यायचे आणि मुळाकडचं मातीसकट उकिरड्यावर. कधी वळून बघावंसं वाटलं नाही.

"मला ठावं न्हवतं," दौलूबुवा पुटपुटले. "आक्का, मला... हे मला ठावं न्हवतं."

आक्कांनी सुई पदराला पुसली.

तेवढ्यात सारजा पुढं आली. तिनं फुलांकडे बघितलंच नाही. खाली बसून ती फुटलेल्या मातीतून केना गोळा करत होती, एकेक कांडं पदरात घेत होती, तुटलेलीसुद्धा.

"ऊन चढतंय," ती म्हणाली. "मुळं उगडी पडल्यात सगळी."

"सारजे, तुला फूल आलंय गं!" मी ओरडलो. "बघ तरी!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला मी काय म्हणतोय ते कळलं होतं. पण ती रडत होती ती निराळ्याच कारणानं.

"त्येंनी उपाटलं की वं," ती म्हणाली.

आता दौलूबुवांनी जे केलं ते मठात कधी घडलं नव्हतं आणि पुढंही घडलं नाही. ते उठले, दोन पावलं चालले आणि सारजेच्या पायावर डोकं ठेवलं. कफनीवाला माणूस, बिनकफनीच्या बाईच्या. सारजा दचकून मागं सरली. पदरातला केना खाली पडला.

"बुवा! आसं करू नगासा! पाप लागंल मला!"

"तुला फूल आलंय," बुवा म्हणाले. "तू ऱ्हायाचंस. आक्का, हिला फूल आलंय. ही ऱ्हाणार."

"ती गेली कुठं हुती?" आक्का म्हणाल्या.

मग सारजेकडे वळल्या. "कुंडी भर परत. माती पडलीया की हितंच. आन् गोठ्यामागं न्हेऊ नगं, चुलीच्या अंगाला ठेव."

सारजेनं कुंडी सरळ केली. बोचकं तिथंच पडलं होतं. मी जाऊन ते उचललं आणि आत नेऊन ठेवलं, तिचा विचार बदलायच्या आत. बाहेर आलो तर ती माती भरत होती आणि मातीत दाबता दाबता केन्याशी काहीतरी बोलत होती. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी चुलीपाशी जाऊन उगाच जाळ पुढं सारला.

वाटलं, संपलं.

पण दौलूबुवा उठत नव्हते. फरशीवर तसेच बसून होते, तळहातावर एक उकललेलं फूल घेऊन. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आक्का..."

"काय रं?"

"भिकूची कुंडी."

मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि मी चुलीपासून उठलो.

"भिकूला बी तुमी केनाच दिला हुता," बुवा म्हणाले. "आज बघितला तसाच. नुसता पाला. फूल न्हाई म्हणून म्या त्याला..."

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. सारजेचे हात मातीत थांबले.

"त्याची कुंडी म्या उकिरड्यावर रिकामी केली. माझ्या हातानं. बघितलं बी न्हाई, आक्का. पालथी केली आन् वळलो. पांढरं आसंल बी. न्हाई बी आसंल. आता कसं कळायचं मला? सांगा की! आता कसं कळायचं?"

वारा सुटला होता. ओसरीवरची वाकळ अर्धी खाली लोंबत होती.

दौलूबुवा एकाएकी ताठ झाले. डोळे पुसले. मोकळ्या हातानं आक्कांचे पाय धरले.

"माझी चूक झाली. पर आता न्हाई हुणार. तुमच्या गळ्याची आण. हितनं पुढं वर फूल दिसू न दिसू, म्या परत्येक कुंडी मुळापतूर उकरून बघीन. एक धुमारा सोडनार न्हाई. उकराय पायजे हुतं, आक्का. भिकूची कुंडी म्या उकरून बघाय पायजे हुती!"

आक्कांनी आपले पाय सोडवून घेतले. वाकून त्यांनी बुवांच्या तळहातावरचं ते फूल उचललं, सारजेच्या कुंडीत टाकलं आणि बोटानं वर माती ओढली.

मग समाधीकडे बघत म्हणाल्या,

"माझ्या रोपाला फूल आलंच न्हवतं, दौलू... कफनी देताना बाबांनी उकरून बघितलं न्हाई."